कयामत केव्हा, हा आपला प्रश्न नाही



मित्रमैत्रिणींनो, २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला केला आणि त्यानंतर गाझावर बॉम्ब पडू लागले. १३ जून २०२५ ला इस्रायलने इराणवर हल्ला केला. या तिन्ही वेळी आपल्या मोबाइलवर दोन प्रकारचे व्हिडिओ फिरले. एकात अमेरिकेतला एखादा पास्टर नकाशावर बोट ठेवून सांगत असतो की हे सगळं बायबलमध्ये अडीच हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं आहे. दुसऱ्यात आपल्याकडचा कुणी वक्ता, मागे गंभीर संगीत लावून, दज्जाल, इमाम महदी आणि याजूज-माजूज यांची नावं घेऊन जवळपास तेच सांगत असतो.

आज मी मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल बोलणार आहे. शेवटी दुसऱ्याकडे येईन, कारण दुसरा पहिल्याकडून बरंच काही शिकलेला आहे. आणि सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. कयामतीवरची श्रद्धा हा आपल्या ईमानाचा भाग आहे. ख्रिस्ती बांधवांचाही येशूच्या पुनरागमनावर विश्वास आहे. त्या श्रद्धेवर मी बोट ठेवत नाही. मी बोलतोय ते आजच्या बातमीला त्या श्रद्धेची चिठ्ठी चिकटवण्याच्या पद्धतीबद्दल.

ही पद्धत वाटते तितकी प्राचीन नाही. तिचा आजचा साचा एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये तयार झाला. जॉन नेल्सन डार्बी हे तिचे मुख्य प्रवर्तक. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: देवाने मानवी इतिहास ठरावीक कालखंडांत वाटून दिला आहे. शेवट जवळ आला की खरे श्रद्धावंत एका क्षणात आकाशात उचलले जातील. याला ते लोक 'रॅप्चर' म्हणतात. मागे उरलेल्यांवर सात वर्षं महासंकट येईल, ख्रिस्तविरोधक जगावर राज्य करेल, हर्मगिदोनची लढाई होईल आणि मग येशू परत येईल. या पटकथेत ज्यू लोकांनी पॅलेस्टाइनच्या भूमीत परत येणं आणि जेरुसलेममधलं त्यांचं मंदिर पुन्हा उभं राहणं आवश्यक आहे. ते मंदिर जिथे होतं असं मानतात, तिथे आज अल-अक्साचा परिसर आहे.

१९०९ मध्ये सायरस स्कोफिल्ड यांनी तळटीपांसह बायबलची एक आवृत्ती काढली. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने छापलेली ही आवृत्ती अमेरिकेत घराघरांत गेली. वर मूळ वचन आणि खाली स्कोफिल्ड यांचा अर्थ, एकाच पानावर. वाचणाऱ्याला दोन्हींचं वजन सारखंच वाटू लागलं. तफसीर आणि मूळ आयत यांत फरक करायला आपल्याला लहानपणापासून शिकवतात, तो फरक तिथे पुसट झाला.

आता ही पद्धत चालते कशी, ते एका उदाहरणाने पाहू. यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ३८व्या अध्यायात गोग नावाचा राजा उत्तरेकडून इस्रायलवर चालून येतो. तिथे 'रोश' असा हिब्रू शब्द आहे. रोश म्हणजे डोकं, प्रमुख. आपला 'रईस' ज्या अरबी 'रअस'पासून आला, त्याचाच हा भाऊबंद. बऱ्याच भाषांतरांत तिथे 'प्रमुख अधिपती' असंच आहे. पण रोशचा उच्चार रशियासारखा वाटतो, म्हणून रोश म्हणजे रशिया ठरला. मेशेख म्हणजे मॉस्को ठरला, तुबाल म्हणजे सायबेरियातलं तोबोल्स्क. यहेज्केलचा काळ इसवी सनापूर्वीचं सहावं शतक. 'रुस' हे नाव इतिहासात दिसतं ते त्यानंतर सुमारे चौदाशे वर्षांनी. त्याच अध्यायात 'पारस'चंही नाव आहे, म्हणजे इराण. एवढ्या सामग्रीवर रशिया आणि इराण मिळून इस्रायलवर चाल करणार, हे भाकीत तयार होतं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटल्यावर पॅट रॉबर्टसन हे वयोवृद्ध टीव्ही धर्मोपदेशक पुन्हा पडद्यावर आले. युक्रेन ही फक्त पायरी आहे, पुतिन यांना देवच पुढे ढकलतोय आणि खरा हल्ला इस्रायलवर होणार, असं त्यांनी सांगितलं. युक्रेनच्या शहरांत त्या वेळी माणसं तळघरांत लपून बसली होती. या कथेत त्यांना जागाच नव्हती.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आमच्याकडे प्रोग्राम तपासण्याआधी लिहून ठेवतात की अमुक माहिती दिली तर अमुक उत्तर यायला हवं, आणि ते आलं नाही तर प्रोग्राम चुकला. ज्या तपासणीत नापास व्हायची सोयच नाही, तिला आम्ही तपासणी म्हणत नाही. या भाकितांना हीच कसोटी लावून पाहू.

अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. हजारो लोक त्या दिवशी वाट पाहत बसले. दिवस नेहमीसारखा मावळला. इतिहासात त्याला 'महानिराशा' म्हणतात.

१९७० मध्ये हॅल लिंडसे यांचं 'द लेट ग्रेट प्लॅनेट अर्थ' आलं. न्यूयॉर्क टाइम्सने त्याला त्या दशकातलं सर्वाधिक खपाचं कथेतर पुस्तक म्हटलं. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झालं, तिथून एक पिढी, म्हणजे साधारण ४० वर्षं, असा त्यांचा हिशेब सुचवत होता. युरोपच्या सामायिक बाजारपेठेतून दहा राष्ट्रांचा संघ होईल आणि ख्रिस्तविरोधक तिथून उठेल, असंही त्यात होतं. १९८१ मध्ये ग्रीस आला आणि सदस्य खरोखर दहा झाले. लोकांचे डोळे विस्फारले. १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल आले, बारा झाले. आज सत्तावीस आहेत. १९८८ उलटलं आणि १९९१ मध्ये, ज्या सोव्हिएत संघाने इस्रायलवर चालून जायचं होतं, तो संघच विसर्जित झाला.

१९८८ ची अजून एक गोष्ट आहे आणि ती आपल्यासारख्या शिकलेल्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. एडगर व्हिसेनंट नावाच्या गृहस्थांनी १९८८ मध्येच रॅप्चर होणार, याची ८८ कारणं देणारी पुस्तिका काढली. तारखा होत्या ११ ते १३ सप्टेंबर. लाखो प्रती गेल्या. हे गृहस्थ नासामध्ये काम केलेले इंजिनिअर होते. तारीख गेल्यावर त्यांनी आकडेमोडीत एका वर्षाची गफलत झाल्याचं सांगितलं आणि १९८९ ची पुस्तिका काढली. गणित येणं वेगळं आणि गणित कुठे लावायचं हे कळणं वेगळं. डिग्री त्या दुसऱ्या गोष्टीची हमी देत नाही.

आणखी एक नमुना. जॉन वॉलवूर्ड यांनी १९७४ मध्ये, तेलटंचाईच्या काळात, हर्मगिदोन आणि मध्यपूर्वेतल्या तेलावर पुस्तक लिहिलं. १९९० मध्ये सद्दामने कुवेत बळकावल्यावर त्याची सुधारित आवृत्ती निघाली आणि धडाक्याने खपली. सद्दाम प्राचीन बाबिलोनच्या अवशेषांवर नवं बांधकाम करत होता, त्यामुळे बाबिलोनही कथेत बसलं. ख्रिस्तविरोधकाच्या जागेवर त्याआधी मुसोलिनीला बसवून झालं होतं. रोनाल्ड विल्सन रेगन या नावाच्या तिन्ही शब्दांत इंग्रजीत सहा-सहा अक्षरं आहेत, म्हणून काहींना तिथेही ६६६ दिसलं. दुकानातल्या मालावरच्या बारकोडमध्येही दिसलं. नावं बदलतात, नकाशा बदलतो, कथा तीच राहते. ती कधीच खोटी ठरू शकत नाही, म्हणून ती आपल्याला काहीच सांगू शकत नाही.

तुम्ही म्हणाल, असू दे की. कुणाच्या घरात कुणी काय मानावं, आपलं काय जातं? तर काय जातं ते सांगतो.

२१ ऑगस्ट १९६९ ला डेनिस मायकल रोहन नावाच्या एका ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती तरुणाने अल-अक्सा मशिदीत आग लावली. मशीद हटली की मंदिर उभं राहील आणि येशू लवकर येईल, अशी त्याची समजूत होती. नूरुद्दीन झंगींनी करवून घेतलेला आणि सलाहुद्दीन अय्युबींनी जेरुसलेममध्ये आणून बसवलेला सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा लाकडी मिंबर त्या आगीत गेला. न्यायालयाने रोहनला मनोरुग्ण ठरवलं. माणूस आजारी होता हे खरं, पण काडी कुठे लावायची हे त्याला या कथेनेच सुचवलं. जगभर संताप उसळला आणि पुढच्याच महिन्यात रबातला मुस्लिम देशांची परिषद भरली. इस्लामी सहकार्य संघटनेचा पाया तिथे घातला गेला.

दुसरं, ही कथा आता राजकारणात संघटित आहे. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२२ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ३९ टक्के प्रौढांनी आपण अंतिम काळात जगतोय असं सांगितलं. इव्हँजेलिकल पंथीयांत हे प्रमाण ६३ टक्के होतं. टिम लाहे आणि जेरी जेन्किन्स यांच्या 'लेफ्ट बिहाइंड' या कादंबरीमालेच्या कोट्यवधी प्रती खपल्या. त्यात ख्रिस्तविरोधक कोण, तर संयुक्त राष्ट्रांचा सरचिटणीस. म्हणजे शांततेची बोलणी करणारा माणूसच संशयित. अशा कथेवर वाढलेल्या मतदाराला युद्धबंदीची बातमी चांगली वाटेल का, विचार करा. २००६ मध्ये पास्टर जॉन हेगी यांनी 'ख्रिश्चन्स युनायटेड फॉर इस्रायल' ही संघटना उभी केली. १४ मे २०१८ ला अमेरिकेने आपला दूतावास जेरुसलेममध्ये आणला, त्या सोहळ्याची सांगता हेगींच्या प्रार्थनेने झाली. त्याच दिवशी गाझाच्या कुंपणापाशी सुमारे ६० पॅलेस्टिनी गोळीबारात मारले गेले.

गंमत पाहा, या पटकथेत ज्यूंचंही भलं नाही. जखऱ्याच्या ग्रंथातल्या एका वचनाच्या आधारे यातले अनेक जण मानतात की शेवटच्या संकटात दोन तृतीयांश ज्यू मरतील आणि उरलेले येशूला स्वीकारतील. इस्रायलवरचं हे प्रेम ज्यू माणसासाठी नाही, ज्यू पात्रासाठी आहे. आणि पॅलेस्टिनी? तो या कथेत पात्रही नाही. तो वाटेतला अडथळा आहे.

इथे एक सावधगिरी. अमेरिका इस्रायलला शस्त्रं देते ती केवळ बायबलमुळे, असा निष्कर्ष काढू नका. शीतयुद्धाचे डावपेच, तेल, शस्त्रउद्योग, निवडणुकांचा हिशेब, ज्यूंवर युरोपने केलेल्या अत्याचारांची बोच, ही सगळी कारणं आहेत. १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यामागेही ब्रिटिश साम्राज्याची महायुद्धातली गरज होती. भाकिताचं काम वेगळं आहे. ते या निर्णयांना मतं मिळवून देतं आणि सद्सद्विवेकाला गप्प करतं. मेलेलं मूल दिसलं तरी मन म्हणतं, हे होणारच होतं.

दुसरी सावधगिरी त्याहून महत्त्वाची. याचा राग आपल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांवर काढू नका. रॅप्चरची शिकवण कॅथलिक चर्चची नाही, ऑर्थोडॉक्स चर्चचीही नाही. वसई, वांद्रे किंवा गोव्यातल्या कॅथलिक कुटुंबाला ती परकीच आहे. आणि तिच्याविरुद्ध ठामपणे उभे राहिले ते पॅलेस्टिनी ख्रिस्तीच. ऑगस्ट २००६ मध्ये जेरुसलेमच्या चर्चप्रमुखांपैकी चौघांनी, त्यात लॅटिन पॅट्रिआर्क मिशेल सबाह होते, ख्रिस्ती झायोनवाद ही खोटी शिकवण असल्याचं जाहीर केलं. २००९ मध्ये पॅलेस्टिनी ख्रिस्ती नेत्यांनी 'कैरोस पॅलेस्टाइन' ही सनद काढली. २०२३ च्या नाताळात बेथलेहेमच्या ल्युथरन चर्चमध्ये पास्टर मुन्थर आयझॅक यांनी गव्हाणीऐवजी बाळ येशूला दगडविटांच्या ढिगाऱ्यात ठेवलं. त्यांचा सवाल त्यांच्याच धर्मबंधूंना होता. मुस्लिम म्हणून आपण त्यांच्याकडून शिकावं असं यात काही आहे, कारण आता मी आपल्या घराकडे वळतो.

२० नोव्हेंबर १९७९, हिजरी १४०० चा १ मुहर्रम. जुहैमान अल-उतैबी आणि त्याच्या सशस्त्र साथीदारांनी मक्केच्या मस्जिद-ए-हरामचा ताबा घेतला आणि त्यांच्यातल्याच मुहम्मद अल-कहतानीला महदी म्हणून पुढे केलं. नवं शतक, नवा महदी, हदीसमधल्या खुणा जुळल्या, असा त्यांचा दावा. दोन आठवडे हरममध्ये गोळ्या चालल्या, शेकडो माणसं मेली. त्यांचा 'महदी'ही मेला.

१९८० नंतर अरबी बाजारात दज्जालवरच्या पुस्तकांचं पीक आलं. फ्रेंच इतिहासकार ज्याँ-पिएर फिलियू आणि अमेरिकन अभ्यासक डेव्हिड कुक यांनी ही पुस्तकं तपासून दाखवलं आहे की त्यातल्या अनेकांनी थेट अमेरिकन इव्हँजेलिकल पुस्तकांमधून मजकूर उचलला. ज्या कथेत पॅलेस्टिनी अडथळा ठरतो, तीच कथा पात्रांची अदलाबदल करून आपल्याला विकली गेली. आज एखाद्या व्हिडिओत याजूज-माजूज म्हणजे अमुक देश, असं ऐकलंत तर ही उसनवारी आठवा.

मग आयसिस. सीरियातल्या दाबिक गावाचा उल्लेख एका हदीसमध्ये आहे, म्हणून त्यांनी २०१४ मध्ये आपल्या मासिकाचं नाव 'दाबिक' ठेवलं आणि ते गाव जिंकलं. रोमची फौज इथे येईल आणि अंतिम लढाई होईल, असं सांगून जगभरातली पोरं बोलावली. ऑक्टोबर २०१६ मध्ये तुर्कस्तानच्या पाठिंब्यावरच्या सीरियन बंडखोरांनी ते गाव घेतलं. आयसिसने सांगितलं, ही छोटी लढाई होती, मोठी अजून व्हायची आहे. व्हिसेनंटची १९८९ ची पुस्तिका आठवली ना? फरक इतकाच की इथे तरुणांचे जीव गेले.

आपल्या देशात याच दुकानातला माल म्हणजे 'गझवा-ए-हिंद'. त्या रिवायतींच्या सनदीवर हदीसच्या अभ्यासकांमध्ये वाद आहे, आणि त्या खऱ्या धरल्या तरी त्या जुन्या काळाला लागू होऊन गेल्या असं मानणारे आलिम आहेत. तरी हे नाव जिवंत ठेवणारे दोन गट आहेत. एक, सीमेपलीकडच्या अतिरेकी संघटना. दुसरा, आपल्याकडे मुस्लिमांविषयी भीती पसरवणारे लोक. दोघांचाही धंदा त्यावर चालतो. मिरजेतला रिक्षावाला, मालेगावचा यंत्रमाग कामगार, परभणीत एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलगी, यांच्या वाट्याला फक्त संशय येतो.

दीन याबद्दल काय सांगतो? सूरह आराफच्या १८७व्या आयतीत स्पष्ट आहे की त्या घडीचं ज्ञान फक्त अल्लाहकडे आहे आणि ती अचानक येईल. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात येशूही हेच सांगतात की तो दिवस आणि ती घटका पित्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही. दोन्ही ग्रंथ जे नाकारतात, तेच दोन्हीकडचे वक्ते ठामपणे सांगत असतात. एका माणसाने पैगंबरांना, सल्लल्लाहु अलैहि व सल्लम, विचारलं होतं की कयामत केव्हा येईल. त्यांनी तारीख दिली नाही. तू तिच्यासाठी काय तयारी केली आहेस, असं उलट विचारलं. आणि हातात रोप असताना कयामत आली तरी जमलं तर ते लावून टाका, ही शिकवण तर आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे.

म्हणून पुढच्या वेळी असा व्हिडिओ आला की चार प्रश्न विचारा. एक, ही व्यक्ती पाच वर्षांपूर्वी काय सांगत होती? इंटरनेटवर शोधलं तर सापडतं. दोन, देशाचं नाव बदललं तरी हीच कथा चालली असती का? तीन, यात मेलेल्या माणसांना कुठे जागा आहे का? मेलेल्या सगळ्या माणसांना. ७ ऑक्टोबरला इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली गेली, गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे तिथे ६० हजारांहून अधिक. आपल्या बाजूचं मूल आणि त्यांच्या बाजूचं मूल असा भेद करायला लावणारी कथा कोणत्याही भाषेतली असो, बाजूला ठेवा. चार, हा माणूस शेवटी तुम्हाला काय करायला सांगतो? बहुतेक वेळा उत्तर असतं, वाट पाहा आणि व्हिडिओ पुढे पाठवा.

आता याच्या शेजारी दुसरं एक उदाहरण ठेवा. २९ डिसेंबर २०२३ ला दक्षिण आफ्रिकेने १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराखाली हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात इस्रायलविरुद्ध अर्ज केला. २६ जानेवारी २०२४ ला न्यायालयाने वंशसंहार रोखण्यासाठी पावलं उचला आणि मानवी मदत पोहोचू द्या, असे अंतरिम आदेश दिले. बॉम्ब त्याने थांबले नाहीत, हे मला माहीत आहे. पण त्या वकिलांनी युद्ध हे माणसांनी घेतलेल्या निर्णयांचं फळ मानलं, तारखा, आदेश, नेत्यांची विधानं गोळा केली आणि जबाबदारी कुणाची ते विचारलं. युद्ध लिहून ठेवलेलं आहे असं एकदा मानलं की कुणालाच आरोपी करता येत नाही. नेत्यालाही नाही, शस्त्र विकणाऱ्यालाही नाही.

आपल्या हातात हेगचं न्यायालय नाही. वाचणं आहे, खात्री करणं आहे, सनदशीर निवेदन आणि निदर्शन आहे, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामूंना किंवा खालाजानना अदबीने 'याचा पुरावा काय' असं विचारणं आहे. शेवटचं सगळ्यांत अवघड, हे मलाही ठाऊक आहे. पण जुम्माच्या नमाजीनंतर मशिदीबाहेर जेव्हा चार मुलं महदी कुठल्या साली येणार यावर वाद घालत असतात, तेव्हा पैगंबरांचा तो उलटा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवायला कुणीतरी हवं. ते तुमच्यापैकीच कुणी असावं, एवढं सांगायला मी आलो होतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.